वाचकांचे प्रश्न : हातांवरचे पांढरे डाग आणि शेजारची रिकामी जागा

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून सोलापूरला एका पतसंस्थेत काम करते. काही वर्षांपूर्वी माझ्या हातांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे डाग उमटले. घरची माणसे आणि सहकारी पूर्वीसारखेच वागतात. त्रास होतो तो अनोळखी लोकांचा. एसटीत गर्दी असली तरी माझ्या शेजारी बसायला लोक कचरतात. दुकानदार सुटे पैसे हातावर न देता काउंटरवर ठेवतो. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी इतर सर्वांना स्वतः कुंकू लावले आणि माझ्यापुढे मात्र करंडा सरकवला. "मासे खाऊन वर दूध प्यायला होता का?" असे बाजारात कोणीही थांबवून विचारते. माझे यजमान म्हणतात की लोकांचे लक्षही नसते, हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत. खरोखर तसे असेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही जे पाहता आहात ते खरे आहे, हे आधी निःशंकपणे सांगतो. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली आहे. निकोला रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चेहऱ्यावर ठळक खूण असलेली व्यक्ती रस्त्याच्या कडेला उभी असली की शेजारी येऊन थांबणारे पादचारी तिच्यापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर राखतात, आणि शक्यतो चेहऱ्याची खूण नसलेली बाजू निवडतात. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेला असाच एक अभ्यास रेल्वेच्या डब्यातला होता. तेथेही चेहऱ्यावर जन्मखूण दिसत असलेल्या प्रवाशाशेजारची जागा लोक टाळत होते. तुमची एसटीतली रिकामी जागा ही याच जातीची आहे.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात जेवढे तथ्य आहे तेवढेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत क्लेक आणि स्ट्रेंटा या संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांच्या चेहऱ्यावर रंगाने व्रण काढला, तो त्यांना आरशात दाखवला आणि व्रण टिकावा म्हणून लेप लावतो असे सांगून त्यांच्या नकळत पुसून टाकला. चेहरा स्वच्छ असूनही, समोरची व्यक्ती आपल्याशी अवघडून वागली असे या मंडळींनी नंतर सांगितले. वेगळ्या वागणुकीची अपेक्षा मनात असली की साध्या हालचालीतही ती दिसू लागते, एवढे यावरून कळते. दुकानदार कदाचित सगळ्यांचेच पैसे काउंटरवर ठेवत असेल. चार गिऱ्हाइकांकडे पाहिले की ते समजेल. पण तुमच्या एकटीच्या पुढे सरकवलेल्या करंड्याचा दुसरा अर्थ लागत नाही, आणि या प्रयोगाचा आधार घेऊन तुम्हाला गप्प करणे हा अन्याय होईल. प्रयोगातल्या लोकांचा व्रण तासाभराचा होता. तुमची अपेक्षा वर्षानुवर्षांच्या अनुभवातून तयार झाली आहे.

लोक असे का वागतात? काही अंशी संसर्गाच्या भीतीने आणि काही अंशी, कसे वागावे हे न कळल्यामुळे. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कुंकू लावल्याने ते पसरत नाही. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने ते होते याला कोणताही आधार नाही. जगात दर शंभर माणसांमागे सुमारे अर्धा ते दोन जणांना कोड असते. पुष्कळांच्या मनात मात्र कोड आणि कुष्ठरोग यांची गल्लत असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, कोडाच्या डागावर ती शाबूत राहते. येथे एक विनंती आहे. हा फरक सांगताना "मला काही तो रोग नाही" असा सूर येऊ देऊ नये. कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभे राहूनही ज्यांना अजून लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात, त्यांच्यावर आपला भार टाकणे योग्य नाही.

उपायाबाबत रम्सी यांच्याच पुढच्या संशोधनातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते : खूण असलेली व्यक्ती मोकळेपणाने, नजरेला नजर देऊन बोलली तर समोरच्याच्या मनावर खुणेपेक्षा त्या बोलण्याचा प्रभाव अधिक पडतो. तरुणपणी मोटारीला लागलेल्या आगीत भाजलेले जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली ब्रिटनमध्ये संस्था काढून इतरांना हेच शिकवले. एसटीत कोणी घुटमळले तर "बसा ना, हे कोड आहे, लागत नाही," एवढे सहज म्हणून पाहा. मासे-दूध विचारणाऱ्यांना "नाही, त्याने होत नाही," इतके पुरे. ही जबाबदारी खरे तर तुमची नव्हे, हे मला मान्य आहे. ज्या दिवशी बोलण्याची इच्छा नसेल त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत बसण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हळदीकुंकवाच्या यजमानीणबाईंशी मात्र एकांतात अवश्य बोला, कारण त्या पुन्हा भेटणार आहेत. आणि यजमानांना सोबत बाजारात न्या. कोणी आगाऊ प्रश्न विचारला तर उत्तर त्यांनी द्यावे.

बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, त्वचा भाजते. नियंत्रित अतिनील किरणांचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडे मिळतात. कोड असलेल्यांसाठी पुण्यात श्वेता असोसिएशन हा आधारगट आहे. त्यांच्याशी संपर्क साधावा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाने बसस्थानकावर एका बाईंकडे बोट दाखवून "यांचे हात असे का?" असे मोठ्याने विचारले. मी त्याला दटावून ओढत नेले. काय करायला हवे होते?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : दटावल्यामुळे, त्या हातांत काही भयंकर होते असे तो शिकला. पुन्हा असे घडले तर तिथेच थांबून शांतपणे सांगा, "काहींच्या त्वचेचा रंग जागोजागी जातो, दुखत नाही, लागतही नाही, पण बोट दाखवू नये." मग त्या बाईंकडे पाहून नमस्कार करा आणि त्यालाही करायला सांगा.