चढावर दम तोडणारा जुना एलेक-ट्रॅक : मोटार काढण्याआधी मीटर लावा

तुमचा ई-२०, म्हणजे एलेक-ट्रॅक मालिकेतला बॅटरीवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर, सपाटीवर नीट चालतो, चढावर पाच-सात मिनिटांत मंदावतो, जळकट वास येतो आणि थंड झाला की पुन्हा चालू होतो. मेकॅनिक म्हणतो, "आर्मेचर गेलं, रिवाइंड करा." म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाची तार जळली, ती नव्याने गुंडाळा. कृपा करून एवढ्यात मोटार काढू नका.

मी इचलकरंजीत रिवाइंडिंगच्या दुकानात हे काम शिकलो आणि आता ओहायोत असाच एक ई-२० वापरतो. माझ्याही ट्रॅक्टरची हीच तक्रार होती. मी मोटार रिवाइंड करून आणली, बसवली, आणि पहिल्याच चढावर तोच वास. दोष कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटारीचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये होता.

जनरल इलेक्ट्रिकने हे ट्रॅक्टर १९६९ पासून काही वर्षंच बनवले. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकूण ३६ व्होल्ट. व्होल्टेज कमी म्हणजे त्याच कामाला करंट जास्त. चढावर शंभर अँपिअर धरा. जोडावर १.४ व्होल्ट पडले तर तिथे १४० वॉटची उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण पंचवीस वॉटची असते, यावरून अंदाज घ्या. तुम्हाला येणारा वास मोटारीचाच आहे असं धरून चालू नका.

अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. ३६ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो लाल होऊन वितळतो.

आधी बॅटऱ्या. चार्ज करून काही तास सोडल्यावर प्रत्येकी ६.३ च्या वर, सगळ्या मिळून ३८ च्या आसपास दिसायला हवं. पण खरी परीक्षा लोडवर. चाकं उचलून रिकामी फिरवलीत तर हा दोष दिसणारच नाही. मीटरला लांब वायरी जोडा, बॅटरीकडच्या टोकांना छोटे फ्यूज घाला, मीटर पुढे बांधा आणि त्याच चढावर चालवा. चढावर एखादी बॅटरी ५.२५ च्या खाली गेली आणि बाकीच्या टिकल्या, तर तीच खराब. माझ्या बॅटऱ्या ठीक निघाल्या.

मग त्याच वायरी कॉन्टॅक्टरच्या दोन मोठ्या बोल्टांना. कॉन्टॅक्ट जुळलेले असताना मीटरवर एक दशांश व्होल्टच्या आत काही दिसायला हवं. चढाला लागताच माझा ०.३ वरून १.४ वर गेला. उघडून पाहिलं तर एका चांदीच्या बटणावर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा, भोवती काळी पूड, आणि बाकीचा कॉन्टॅक्ट टेकतच नव्हता. असे कॉन्टॅक्ट घासून चार दिवस चालतात, म्हणून बदलाच. प्रत्येक केबल-लग, फ्यूज-होल्डर, रेझिस्टरचे टोक, सगळीकडे हाच खेळ करा. क्रिंपच्या आत हिरवट गंज असतो, तो बाहेरून दिसत नाही.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच मोटारीकडे वळा. तिथे पहिला संशय शंट फील्डवर घ्या, म्हणजे मोटारीत चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या स्थिर कॉइलवर. ई-२० मध्ये वेग वाढवायला फील्डचा करंट कमी करतात, त्यामुळे तिथली बारीक वायर किंवा कार्डाचा (नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीचा) जोड गरम झाल्यावर तुटला तर फील्डच जातं. लोडवर तेव्हा ताकद संपते, करंट मात्र धो-धो वाढतो. चाकं हवेत असतील तर उलट मोटार बेफाम पळते आणि आर्मेचरच्या कॉइल बाहेर फेकल्या जातात. म्हणून फील्डची वायर काढून मोटार कधीही फिरवून पाहू नका, क्षणभरही नाही. फील्डमध्ये अँपमीटर घाला, आणि गार असताना व तापल्यावर, दोन्ही वेळा रीडिंग घ्या. ओहमनेही पाहा : तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर थोडा वाढणारच, पण मध्येच उडी मारून अनंतावर गेला तर आत तुटकी जागा आहे.

ब्रश घरात मोकळे सरकतात का आणि स्प्रिंग जोरात दाबते का, हे पाहा. कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर ब्रश टेकतात) चॉकलेटी दिसत असेल तर त्याला हातही लावू नका. घासायचाच असेल तर काचपेपर घ्या, एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकतात. ठराविक एक-दोन पट्ट्याच जळलेल्या असतील तर आर्मेचर-कॉइल खरोखर गेली असणार. तेव्हा शेजारच्या पट्ट्यांमध्ये थोडा करंट सोडून मिलिव्होल्ट मोजा. एकच जोडी वेगळी आली तर मेकॅनिकचं म्हणणं खरं.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावणार असाल तर आधी कार्ड सोडवा, नाहीतर ते उडेल. आणि २५० व्होल्टचा मेगर पुरे. रीडिंग कमी आलं तरी घाबरू नका, बऱ्याचदा आत साठलेली कार्बनची पूडच असते; मास्क लावून व्हॅक्यूमने काढा आणि पुन्हा मोजा.

चढावरचं बॅटरीनिहाय व्होल्टेज, कॉन्टॅक्टरवरचा ड्रॉप आणि फील्डचा गार व गरम करंट, एवढं इथे लिहा. त्यावरून पुढचं मी सांगतो.