वांग्यात सांभार, टमाटरजवळ झेंडू

भाऊ, पहिल्यांदाच परसबाग लावताय, तर वांगी, टमाटर आणि मिरची एकाच वाफ्यात दाटू नका. तिन्ही एकाच कुळातली, त्यामुळे रोग-किडीही बऱ्याचशा सारख्याच. वांग्याच्या दोन ओळींमध्ये सांभार (कोथिंबीर) पेरा आणि त्यातला थोडा फुलावर येऊ द्या. त्या फुलांवर येणारे मित्रकीटक मावा आणि अळ्यांची अंडी फस्त करतात.

टमाटरला मात्र झेंडूच हवा, तोही उंच वाढणारा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो, पण त्या वेळी झेंडू फुललेला असला पाहिजे. म्हणून लावणीच्या दिवशी झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टमाटरचं २५ दिवसांचं ठेवा. अळ्या लागलेली फुलं वेळच्या वेळी तोडून नष्ट करा. हे काम टाळलं तर झेंडू लावून उपयोग नाही. त्याची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींनाही (मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांनाही) आवर घालतात.

मक्यासोबत बरबटी (चवळी) छान जमते, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात.

भेंडी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, लांबच ठेवा. तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी दोन्ही पिकांवर येतात. आपल्याकडे घराला लागूनच कपाशी असते, तेव्हा भेंडी घराच्या दुसऱ्या बाजूला लावलेली बरी.