सनमायकावर रंग धरतो का?

प्रश्न : ताई, कोपरखैरण्यात आमचा वन बीएचके आहे. स्वयंपाकघर २००९ साली करून घेतलं. ओट्याखाली आणि वर मिळून चौदा शटर, सगळ्यांना गडद तपकिरी सनमायका. आता ती चिकट आणि काळपट दिसतात. सुतार म्हणतो, सगळं काढून नवीन करा. मुलगी बारावीला आहे, यंदा तेवढा खर्च झेपणार नाही. मी आणि मिस्टरांनी मिळून घरीच रंग दिला तर टिकेल का? मैत्रिणीने दिला होता, दोन महिन्यांत पापुद्रे निघाले.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : टिकेल. मैत्रिणीकडे पापुद्रे निघाले, तिथे बहुधा खालचं तेल गेलेलं नसणार. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडतं, शटरवर बसतं आणि वर्षानुवर्षं उष्णता लागून वार्निशसारखं घट्ट होतं. भांड्याच्या साबणाने ते हलत नाही. कळव्याला माझ्याच घरी पहिल्यांदा रंगवलं तेव्हा गॅसशेजारच्या मसाल्याच्या ट्रॉलीवर मी ओलं फडकं फिरवलं आणि पुढे गेले. पंधरा दिवसांत हँडलभोवतीचा रंग नखाने उचलता आला आणि खाली तोच पिवळा थर. माझे वडील ठाण्यात फर्निचरला पॉलिश करायचे. कुठल्याही कपाटाला हात लावण्याआधी ते डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायचे. “चिकट असेल तिथे बोट अडतं, डोळ्यांना ते दिसत नाही,” असं म्हणायचे. ट्रॉलीचा तो रंग खरवडताना मला ते वाक्य आठवलं.

म्हणून पहिले दोन दिवस फक्त सफाईला द्या. शटर काढा. कुठलं कुठे होतं ते बिजागरीची वाटी बसते त्या गोल खड्ड्यात पेन्सिलीने लिहा आणि वर टेप लावा, म्हणजे नंबर रंगाखाली जात नाही. एक लिटर गरम पाण्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे घाला (खायचा सोडा नव्हे), हातमोजे घाला आणि हिरव्या घासणीने घासा. वरच्या शटरच्या खालच्या कडा, हँडलच्या भोवती आणि चिमणीच्या दोन्ही बाजू जास्त वेळ घासा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. सोड्याचा अंश राहिला तरी प्रायमर सुटतो. रात्रभर वाळू द्या.

सिंकखालचं शटर वेगळं ठेवून खालच्या कडेला अंगठ्याने दाबून बघा. कड फुगली असेल किंवा भुसा सुटत असेल तर तो पार्टिकल बोर्ड आहे, पाणी पिऊन बसलेला. तो घासून पूर्ववत होत नाही आणि वरून रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात. तेवढं एकच शटर सुताराकडून आयएस ७१० शिक्क्याच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये करून घ्या. बाकीच्यांचे टवके एनसी पुट्टीने (लाकडी सामानाला वापरतात ती) भरा. घरात उरलेली भिंतीची पुट्टी मात्र इथे चालणार नाही. ती बहुधा सिमेंटची असते, शटर आपटलं की तडकते.

मग १८० नंबरचा पॉलिशपेपर, चकाकी मरेपर्यंत. जोर लावू नका. सनमायकाचा वरचा थर कागदासारखाच पातळ असतो, खालचा खाकी कागद डोकावला की थांबा. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. दुकानात “सनमायकावर, टाइलवर धरणारा प्रायमर” असं सांगूनच मागा. साधा वुड प्रायमर लाकडात मुरावा म्हणून केलेला असतो, सनमायकात तो मुरणार कुठे?

आता एक परीक्षा, आणि ती टाळू नका. एका शटरच्या आतल्या बाजूला प्रायमर लावा, दोन दिवस थांबा. ब्लेडने बारीक फुली मारा, त्यावर पारदर्शक टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला प्रायमर लागून आला तर सफाईत किंवा घासण्यात कमी पडलंय, पुन्हा करा. हे एका शटरवर कळलेलं बरं, चौदांवर नको.

रंग वॉटर-बेस एनॅमल घ्या. ऑइलपेंटचा पांढरा काही वर्षांत पिवळा पडतो, बंद अंधाऱ्या कोपऱ्यात आणखी लवकर, शिवाय वासाने वन बीएचकेत बसवणार नाही. तुमची चौदा शटर समोरून साधारण ५५ चौरस फूट भरतील. एक लिटरमध्ये गुळगुळीत जागेवर एका हाताला शंभरेक चौरस फूट सहज होतात, म्हणजे दोन हातांना एका डब्याच्या आसपास. चार इंची फोमचा रोलर, शटर आडवं ठेवून, पातळ हात. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. गॅलरीत वाळत घालू नका. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि कबुतरांची पिसं ओल्या रंगावर येऊन बसतात. हॉलमध्ये खाली वर्तमानपत्र पसरा, पहिला तासभर पंखा बंद ठेवा.

आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत रंग वाळायला फार रेंगाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. मुलीच्या परीक्षेआधी दिवाळीनंतरचा आठवडा साधा. शटर चार दिवसांनी लावा, कडेला छोटे सिलिकॉनचे ठिपके चिकटवा, नाहीतर रंग चौकटीला चिकटतो. वरून कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला तीन आठवडे जातात, तोवर ओलं फडकं फिरवू नका.

प्रश्न : नौपाड्यातल्या जुन्या घरात आजेसासूबाईंचं सागवानी जाळीचं कपाट आहे. त्यावर ऑइलपेंटचे कितीतरी थर आहेत. घासून पॉलिश करायचं आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कोरडं घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि घासल्यावर ते धुळीतून पोटात जातं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका. ब्लोलॅम्पने जाळूनही काढू नका. रिमूव्हर लावा, रंग फुगला की बोथट पत्र्याने ओढून काढा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. उरलेला रंग पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासा आणि खरवड पिशवीत बांधून टाका. जाळी आधीच सोडवून ठेवा. वडील असल्या कपाटांना स्पिरिटमधलं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश करायचे, तो झळाळ मला आजही आवडतो. पण ते पाण्याने पांढरं पडतं आणि गरम पातेल्याने मऊ होतं. कपाट स्वयंपाकघरातच राहणार असेल तर पाणी आणि उष्णता जास्त सोसणारं मेलामाइन पॉलिश करून घ्या. हॉलमध्ये नेणार असाल तर चपडाच करा.