वर्गाबाहेरचं शिकणं

वर्गाबाहेरच जास्त शिकता येतं असं वाटलं, तरी कोर्स सोडू नकोस, पाया तिथेच पक्का होतो. पण जाणत्या माणसाशेजारी नुसतं बसायलाही शीक. रंधा धरायचा कसा, हे मला वर्गात कळलं. तो नीट चालतोय की अडकतोय, हे आवाजावरून ओळखायला मात्र एका जुन्या सुताराजवळ बसूनच आलं. त्यांनी ते कधी 'शिकवलं' नाही!

विजेवर मोठे शोध लावणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे तरुणपणी पुस्तकबांधणीच्या कामावर होता. बांधायला आलेली पुस्तकंच वाचायचा. १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं बांधून त्यालाच पाठवली आणि १८१३ मध्ये त्याचा सहायक झाला. गणित मात्र कच्चंच राहिलं, म्हणून म्हटलं कोर्स सोडू नकोस.

आणि हो, कानावर पडलेलं त्याच रात्री वहीत उतरव. सकाळपर्यंत निम्मं उडतं.