हातचा पर्याय सोडवत का नाही?

तुम्ही विचारलंय की दोन नोकऱ्यांपैकी एक सरळसरळ चांगली आहे, तरी दुसरीकडे "नाही" कळवायला महिनाभर धीर होत नाही. हा मूर्खपणा आहे का?

मूर्खपणा नसेल, पण महागात पडतो. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षवाला, दोन एकर थॉमसन. ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्यापुढे तीन वाटा असतात: निर्यात, चार किलोच्या पेटीच्या दरानं इथल्या व्यापाऱ्याला माल, नाहीतर बेदाणा. एका हंगामात मी तिन्ही धरून ठेवल्या. निर्यातीला मणी फुगवावा लागतो, म्हणून विरळणी केली, जीएचं डिपिंग केलं, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवले, रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशांची, तपासणी केली. बेदाण्याला एवढा थाट लागत नाही. त्याला हवी साखर, म्हणजे घड आणखी दिवस वेलीवर ठेवायचे, आणि तेवढं थांबलं की तो माल निर्यातीचा उरत नाही. व्यापारी दोनदा बाग बघून गेला. मी आपला "बघू, कळवतो." आण्णा बांधावरनं म्हणाले, "दोन डगरींवर हात ठेवायचा नाद सोड की रं." मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलायचंच.

मग अवकाळी आला. मणी तडकले. राहिलेलं सगळं वाळवायच्या रॅकवर टाकलं. म्हणजे केला शेवटी बेदाणाच, पण निर्यातीचा खर्च करून.

जिवूंग शिन आणि डॅन अरिएली या संशोधकांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. कॉम्प्युटरवर तीन दारं, क्लिक मोजकेच. आत क्लिक केलं की थोडे पैसे मिळतात, पण दार बदलायला एक क्लिक वाया जातो. ज्या दाराकडे फिरकलं नाही ते आकसत जाऊन नाहीसं होणार, असं केल्यावर लोक दारं वाचवायला धावाधाव करू लागले आणि कमी कमावून बसले. मला खरं चकित केलं ते पुढच्या भागानं. गेलेलं दार एका क्लिकवर परत आणता येईल असं सांगूनही त्यांची धावाधाव थांबली नाही. म्हणजे "पुढे उपयोगी पडेल" हे आपण स्वतःला दिलेलं कारण. दार डोळ्यांदेखत मिटताना बघवत नाही, एवढंच खरं.

आता, प्रत्येक वेळी परतीचे दोर कापा असं मी म्हणणार नाही. पावसाचा भरवसा नसताना व्यापाऱ्याचा नंबर जपून ठेवणं शहाणपणाचंच. त्याला खर्च काय येतो? डिपिंगला मात्र येतो. तुमच्या बाबतीत बघायचं ते हेच. दुसरी कंपनी थांबली आहे तोवर तुम्ही पहिलीत मन घालून बसला आहात का, की रोज रात्री दोन्ही पगारांची बेरीज-वजाबाकी चालू आहे? हार्वर्डमध्ये गिल्बर्ट आणि एबर्ट या संशोधकांनी फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेला एक फोटो ठेवून घ्यायला दिला होता. ज्यांना तो नंतर बदलून घ्यायची मुभा होती, त्यांना आपला फोटो कमी आवडला. माझ्या मते तुमचा महिना तिथंच चाललाय. शिवाय तिकडे त्या जागेची वाट बघत कुणीतरी बसलेलं असणार, त्याचाही विचार करा.

यंदा मी छाटणीलाच बेदाणा ठरवला आणि निर्यातवाल्याला फोन करून नाही म्हणालो. फेब्रुवारीत मात्र त्याचा दर काय निघाला ते शेजाऱ्याला विचारून आलोच.