एफडी मोडून व्हेनिस? गाईड किती तासांचा घ्यावा

प्रश्न: मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, वय ६२. पत्नीने कराडला ३० वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही मुलाकडे म्युनिकला जातोय, तिकिटं त्यानेच काढली. तिथून रेल्वेने व्हेनिसला जाऊन तीन रात्री राहायचा बेत आहे. पत्नी म्हणते, गाईडशिवाय पाहिलं तर नुसत्या भिंती दिसतील. मुलगा म्हणतो, मोबाईल असताना गाईड कशाला. एका एजंटने तीन दिवस रोज चार तास खासगी गाईड, मेस्त्रेला (व्हेनिसचाच, पण पाण्यापलीकडे मुख्य जमिनीवरचा भाग) हॉटेल आणि नाश्ता, म्युरानो बेटाची सहल आणि गोंडोला असे दोघांचे २,४०,००० रुपये सांगितलेत, कर वेगळे. सोबत कोटेशन जोडलं आहे. ३ लाखांची तीन वर्षांची एफडी नोव्हेंबरअखेर पूर्ण होते. ती मोडून हे पॅकेज घेऊ का?

उत्तर: एफडी मोडू नका, आणि हे पॅकेजही घेऊ नका. गाईड मात्र घ्या.

एफडीचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. छत्तीसातले चौतीस महिने झाल्यावर ठेव मोडणं म्हणजे कापणीच्या तोंडावर शेत विकणं. मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका व्याजदरात अर्धा ते एक टक्का कापतात. तुमची बँक एक टक्का कापत असेल तर ३ लाखांवर चौतीस महिन्यांचे ढोबळ ८,५०० रुपये गेले. त्यापेक्षा त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज, घ्या. ठेवीच्या दरावर एखाद-दोन टक्के जास्त पडतील, पण व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि उचलल्या दिवसापासून लागतं. सव्वा लाख रुपये दोन महिने ९ टक्क्यांनी वापरलेत तर १,८७५ रुपये होतात, आणि तिकडे ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. नोव्हेंबरला ठेव पिकली की वळतं करून टाका.

सव्वा लाखाचा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो. आधी कोटेशन. मी ते दोनदा वाचलं.

२,४०,००० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १२,०००. त्या बेरजेवर टीसीएस, म्हणजे एजंट तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारात भरतो तो आयकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत हा दर ५ टक्के होता, म्हणजे तुमचे आणखी १२,६००. अर्थसंकल्पागणिक तो बदलतो, तेव्हा पैसे भरायच्या दिवशीचा दर विचारून घ्या. टीसीएस हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात. हॉटेल आणि गाईड एकाच माणसाकडून एकत्र घेतले की ते ‘पॅकेज’ होतं. नुसतं हॉटेल किंवा नुसता गाईड तुम्ही स्वतः घेतलात तर या कलमात येत नाही. एकूण आकडा झाला २,६४,६००, आणि त्यात दुपारचं-रात्रीचं जेवण नाही.

आता दोन ओळी दाखवतो. ‘व्हेनिस प्रवेश शुल्क, माणशी १० युरो.’ हे शुल्क खरंच आहे, २०२४ पासून. पण ते सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी आणि ठरावीक दिवसांपुरतं. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, सगळे एप्रिल ते जुलैमधले. व्हेनिसच्या हद्दीत रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे, मेस्त्रेत राहिलात तरी. तुम्ही सप्टेंबरअखेर जाताय आणि तीन रात्री राहताय. मग हे २० युरो कशाचे?

दुसरी ओळ: ‘गोंडोला शेअरिंग, माणशी ६,००० रुपये.’ गोंडोलाचा दर महापालिकेने ठरवलेला आहे, दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. हा दर अख्ख्या होडीचा, माणशी नव्हे. होडीत पाच जण बसतात. हिशेबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला तर पूर्ण होडी तुम्हा दोघांना ९,००० ला पडते, आणि एजंट तीन परक्या माणसांबरोबर बसवून १२,००० घेतोय. लबाडी म्हणत नाही मी याला. पण ज्या कोटेशनच्या दोन ओळी अशा निघाल्या, त्याच्या बाकीच्या ओळीही भिंगातून बघाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. बाई आणि चिरंजीव दोघंही अर्धे बरोबर आहेत. व्हेनिसमध्ये गाईड दिवसांच्या हिशेबाने घेऊ नये, दारांच्या हिशेबाने घ्यावा. जिथलं दार गाईडशिवाय उघडत नाही, किंवा उघडूनही दगड गप्प बसतात, तिथे पैसे मोजा. बाकीचं गाव फुकट आहे, आणि एकट्याने हरवण्यातच त्याची मजा आहे. रोज चार तास हे साठीतल्या गुडघ्यांनाही झेपायचं नाही. गावात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. दोन तासांनंतर कान बंद होतात, हे बाईंना वर्गावरच्या अनुभवाने माहीत असेल.

पहिलं दार डोजेंच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्याचं. साधं तिकीट महिनाभर आधी घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. पण तुम्ही साधं घेऊ नका. राजवाड्याचीच ‘गुप्त वाटा’ नावाची फेरी असते, सव्वा तासाची, इंग्रजीतून, माणशी तीस-पस्तीस युरोच्या घरात. त्यानंतर उरलेला राजवाडा त्याच तिकिटावर आपापला पाहता येतो. या वाटेवर गाईडशिवाय सोडतच नाहीत. कारकुनांच्या लाकडी खोल्या, शिशाच्या छपराखालच्या कोठड्या, त्यातल्या एकीतून रंगेलपणासाठी गाजलेला कॅसानोव्हा १७५६ मध्ये पळाला. आणि खास तुमच्यासाठी, महासभेच्या दालनावरचा पोटमाळा. ते दालन ५३ मीटर लांब, २५ मीटर रुंद, मधे एकही खांब नाही. खालून सोन्याचं छत दिसतं, वरून ते पेलणाऱ्या लाकडी तुळयांच्या कैच्या. जिने अरुंद आणि उभे आहेत, तेवढं लक्षात ठेवा. जागा लवकर भरतात, तेव्हा हे तिकीट ऑगस्टमध्येच काढा. क्रेडिट कार्डाने काढलंत तर बँक परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावेल. ‘रुपयांत घेऊ का?’ असं मशीन विचारतं, तिथे युरोच निवडा, नाहीतर दुकानदाराचा दर माथी बसतो.

दुसरं दार ज्यू वस्तीतल्या प्रार्थनास्थळांचं. १५१६ मध्ये इथल्या ज्यूंना एका बेटावर राहायला लावून रात्री फाटकं बंद करायला सुरुवात झाली. जगभर वापरला जाणारा ‘घेट्टो’ हा शब्द या जागेवरूनच आला. जागा वाढवता येईना म्हणून घरं वर वाढली. चौकात उभं राहून सात-आठ मजले मोजता येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. पण सिनेगॉगच्या आत वाटाड्याबरोबरच जाता येतं. माणशी पंधरा-वीस युरो धरा, वेळा आधी बघा.

तिसरा खर्च बाईंसाठी, एक खासगी गाईड, फक्त अडीच तास, सान मार्को चौक ते रियाल्तो पूल. मी २२० युरो धरतो. महाग वाटेल, पण गणित असं आहे. सामूहिक फेरीचा दर माणशी असतो, खासगीचा गटाचा. सामूहिक फेरी ३५ युरोची असेल तर दोघांना ७०, चौघांना १४०, सहा जणांना २१०. मुलगा-सून बरोबर आले तर खासगी गाईडचा भार चौघांत वाटला जाईल. आणि इथे प्रश्न विचारता येतात. पंचवीस जणांच्या घोळक्यात ते होत नाही (२०२४ पासून पंचविसाहून मोठा गट नेता येत नाही, ध्वनिवर्धकालाही बंदी आहे). इटलीत गाईडला परवाना लागतो. क्रमांक मागा, खरा गाईड चटकन देतो. घड्याळ कुठे सुरू होतं तेही विचारा. मेस्त्रेच्या हॉटेलात सुरू झालं तर अर्धा तास वाहनातच जातो.

गाईड काय देतो त्याचा एक नमुना. राजवाड्याच्या भिंतीत दगडी चेहरे कोरलेत, तोंडाच्या जागी चीर. नुसतं बघणाऱ्याला टपालपेटी वाटेल. त्या चिरेतून लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी सरकारात टाकत. हे कळल्यावर पुढच्या कोठड्या वेगळ्या दिसतात. बाईंना हेच हवंय आणि त्याला पैसे पडले तर पडू द्यावेत.

एक गोष्ट त्यांना गाईडशिवायही दाखवा. रियाल्तोजवळ मालिब्रान नाट्यगृहाच्या मागे कोर्ते सेकोंदा देल मिलिओन नावाचा छोटा चौक आहे. मार्को पोलोचं घर याच परिसरात होतं. जन्म १२५४, मृत्यू १३२४. त्याच्या वृत्तांतात आपल्या ठाण्याचा उल्लेख ‘ताना’ नावाचं राज्य म्हणून आहे. भिंतीवर पाटी आहे, जुनी कमान आहे, तिकीट नाही.

म्युरानोची सहल मात्र काढूनच टाका, ‘मोफत’ असली तरी. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलातल्या माणसाने सकाळी फुकट बोट देऊ केली. मी, लोकांना फुकट विम्याच्या जाहिरातींपासून सावध करणारा माणूस, बायकोसह चढलो. एका कारागिराने दोन मिनिटांत वितळलेल्या काचेचा घोडा ओढून दाखवला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि दार थेट दालनात उघडलं. चाळीस टक्के सूट, घरपोच पाठवू, मॅडमना आवडलंय. पाऊण तासाने आम्ही एक निळी फुलदाणी घेऊन बाहेर आलो, किंमत इथे लिहीत नाही. परतीची बोट नव्हतीच. ती फुलदाणी आमच्या शोकेसमध्ये आहे, आणि माझ्याकडे कोणी ‘हमखास परतावा’ घेऊन आला की बायको तिकडे नुसती बघते. म्युरानोला जायचंच तर फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून सरकारी बोट दहा मिनिटांत जाते. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचभट्ट्या त्या बेटावर हलवल्या, तेव्हापासून तिथे काच आहे. बघा, आणि हात खिशात ठेवा.

ही सरकारी बोट म्हणजे वापोरेत्तो. एक तिकीट साडेनऊ युरो, पण ७२ तासांचा पास ४५. पासच घ्या. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर रस्ता नाही, थेट पाणी. तिथून १ नंबरची बोट सगळा ग्रँड कॅनॉल थांबत थांबत जाते, पाऊण तास. संध्याकाळी पुढची जागा मिळाली तर याहून चांगली फेरी कोणी विकत नाही. गोंडोलाची हौस असेल तर ९० युरो घाला, मी हिशेबात धरलेत. नसेल तर त्रागेत्तो, म्हणजे आपली उतारूंची नाव, माणशी २ युरोत कालवा ओलांडून देते. होडी त्याच जातीची.

मुक्काम मेस्त्रेत नको, गावातच करा. घोळके संध्याकाळी परततात, तेव्हा गाव तुमचं असतं. १७० युरोची साधी खोली धरली तर तीन रात्रींचे ५१,०००. पास ९,०००, गुप्त वाटा ७,०००, सिनेगॉग ३,५००, गाईड २२,०००, गोंडोला ९,०००, मुक्काम कर २,४००, आणि खाण्यापिण्याला रोज दोघांचे ७० युरो म्हणजे २१,०००. बेरीज १,२४,९००. हा तो सव्वा लाख. सान मार्को चौकातल्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असताना बसलात तर संगीताचे पैसे बिलात वेगळे येतात, ते यात धरलेले नाहीत.

पत्र परत वाचताना एक खटकलं. बाईंना काय हवंय ते लिहिलंत, मुलाचं मत लिहिलंत, तुम्हाला काय बघायचंय त्याचा शब्द नाही. आयुष्य कालव्यांवर गेलेला माणूस कालव्यांच्या गावी चाललाय. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला इथे पाणी १९४ सेंटिमीटर चढलं होतं. त्यावर उपाय म्हणून खाडीच्या तीन मुखांशी ७८ दरवाजे बसवलेत, २०२० च्या ऑक्टोबरपासून ते मोठ्या भरतीला उभे राहतात. कोयना धरणाचे सहा दरवाजे तुम्ही पाहिलेत. हे एरवी समुद्रतळाशी आडवे झोपलेले असतात, त्यामुळे दरवाजे दिसणार नाहीत, पण लिदो बेटावरून पुंता साब्बिओनीला जाणारी १४ नंबरची बोट त्यातल्या एका मुखाजवळून जाते. तुमच्या पासात बसते. शेवटच्या दुपारी बाईंना घेऊन जा. तिथे गाईड तुम्हीच असाल, फक्त तासाचा दर आधी ठरवून घ्या.