‘क्लॅप्ड’ म्हणजे काय हो, मॅडम?

लंडनजवळ राहणाऱ्या एका मराठी आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी चौदा वर्षांची. वर्गाच्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली कुणीतरी ‘क्लॅप्ड’ लिहिलं. आईला वाटलं, टाळ्या वाजवल्या! ती म्हणाली, “छान की गं!” मुलीनं त्यानंतर आईशी बोलणंच टाकलं.

तिकडच्या पोरांच्या बोलीत क्लॅप्ड म्हणजे कुरूप. लंडनमध्ये त्याच अर्थानं ‘बटर्स’ही चालतो. आधीच्या पिढीचे शब्द ‘मंटर’ आणि ‘मिंगर’. मिंगरचं मूळ स्कॉटिश, दुर्गंधीशी जोडलेलं. ‘पेंग’ म्हणजे देखणं. लाल केसांच्या मुलांना ‘जिंजर’ म्हणून पिडणं ही तर तिथली जुनीच खोड. उलट, टकल्या मित्राला ‘स्लॅपहेड’ म्हणून त्याच्याच पैशानं बिअर पिणारेही असतात.

“मग ही थट्टा धरायची की छळ?” आईनं विचारलं. ‘बँटर’, म्हणजे थट्टामस्करी, म्हटलं की तिथे बरंच काही खपून जातं, त्यामुळे नुसत्या अर्थावरून ठरवणं मला पटत नाही. मुलीलाच विचारलं, “तू त्याला उलट तसंच म्हणू शकतेस?”

“सगळेच म्हणतात,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, “मी म्हटलं तर मला ग्रुपमधून काढतील.” तोच फोटो पुन्हा पुन्हा फिरत होता, आणि आता त्याखाली तिच्या रंगावरही शेरे येत होते.

इथे माझ्यापुरता प्रश्न मिटला: हा छळच. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना छळ रोखण्याची व्यवस्था ठेवणं 2006 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. वंश-वर्णावरून होणारा भेदभाव 2010 च्या समानता कायद्यात येतो. तारखांसह स्क्रीनशॉट ठेवा आणि तिच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांना लेखी कळवा, असं मी सुचवलं. मुलीला चाइल्डलाइन या तिथल्या मुलांच्या हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिला: 0800 1111. “तू सुंदरच आहेस” हे पालुपद मात्र आईला थांबवायला सांगितलं. चौदाव्या वर्षी आईचं मत मोजलं जात नाही, आणि आपलं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही असं मुलीला वाटतं.

शाळेनं संबंधित मुलांना बोलावून समज दिली. ग्रुप बंद झाला, दुसरा निघाला. आईला आता मुलीचा फोनच काढून घ्यायचा होता. मी नको म्हटलं. फोन जाईल या भीतीनं मुलगी पुढच्या वेळी काही सांगायचीच नाही.